श्रावणचा पट्टा

पट्टा पुन्हा खुंटीलाच होता. श्रावण तसाच पळायला गेला होता.

गोपिकानं हातातलं ब्लाउज मशीनवर टाकलं आणि दारात येऊन उभी राहिली. बोळाच्या टोकाला तो दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिसला, तेव्हा आधी हायसं वाटलं आणि मग डोकंच फिरलं.

"काहून नाही घातला?"

"ताई, टोचते ते. अन् पोट्टे हासतात. बायकांच्या कंबरपट्ट्यावानी दिसते म्हणतात."

"हासू दे त्याईले. मेल्यावर कोणी हासाले येत नाही."

श्रावण तिचा धाकटा भाऊ, नुकता विशीत आलेला. मायबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. तांडापेठेतला घरचा हातमाग केव्हाच बंद पडला होता. तिच्या शिवणकामावर दोघांचं चालायचं. त्यात दोन वर्षांमागं त्याला मधुमेह निघाला. एवढ्या तरण्या पोराला श्रीमंतांचा रोग व्हावा, हे तिला अजून पटत नव्हतं. रोज सकाळी इन्सुलिनची सुई टोचावी लागे.

"पळू दे की," डॉक्टर म्हणाले होते. "पण साखर एकदम उतरली, की घाम फुटेल, हात थरथरतील, भान जाईल. त्याआधी तोंडात खडीसाखर पडली पाहिजे. ती अंगावर हवीच."

हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. गिरणीत खेळाडूंची भरती व्हायची होती. कामठी रस्त्यावरच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आला, तर नोकरी नक्की होती. पण रोगी माणसाला कोण घेतो? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बहीणभावांनी ठरवलं होतं.

पळायच्या चड्डीला खिसा नव्हता. मुठीत धरली तर खडीसाखर घामानं चिकट व्हायची. आधी तिनं बापाची तंबाखूची चंची त्याच्या कमरेला बांधून पाहिली. ती पावलागणिक मांडीवर आपटायची. मग खाटेच्या नवारीचा पट्टा शिवला. तोच हा खुंटीवरचा.

"कुठं टोचते, दाखव."

त्यानं बनियन वर केलं. कमरेभोवती लाल वळ उठले होते, एके ठिकाणी कातडी सोलली होती. आपण उगाच तोंड टाकलं, असं तिला वाटलं.

त्या दिवशी गिऱ्हाइकांची ब्लाउजं तशीच राहिली. तिनं धुऊन धुऊन मऊ झालेलं एक धोतर काढलं आणि उरेब कापलं. तिरपा कापलेला कपडा अंगासरशी ताणतो, हे तिला चोळ्या शिवून ठाऊक होतं. मागच्या बाजूला इलास्टिक घातलं. पायातून वर ओढला, की पट्टा कमरेला बसायचा. गाठ नाही, बक्कल नाही. खिशाला आतून मेणकापड लावलं, आणि खिसा इतका चपटा केला, की खडे खुळखुळू नयेत.

श्रावण पळून आला तो हसतच. "ताई, अंगावर हाये का नाही, तेच समजत नाही!"

तिनं खिशात बोट घातलं. खिसा रिकामा होता.

खिशाच्या झाकणाचं बटण वाटेत कुठंतरी सुटलं होतं. साखर रस्त्यावर सांडली आणि याला पत्ताही नाही.

मग गोपिका त्या झाकणाच्या मागंच लागली. जाड बटण लावलं. काज मुद्दाम बटणापेक्षा लहान ठेवलं आणि दुहेरी दोऱ्यानं भरलं. पट्टा उलटा धरून झटकला. स्वतः कमरेला चढवून अंगणात उड्या मारल्या. शेजारचे धोंडबाकाका पाहत राहिले. एक खडा बाहेर आला नाही. तिनं अंगठ्याच्या नखानं टचकन उघडून दाखवलं. श्रावणलाही दुसऱ्या खेपेला जमलं.

"आता कसा वाटते?"

"झकास. तू दुकान टाक, ताई."

शर्यतीच्या दिवशी तिनं स्वतः खडीसाखर भरली आणि पट्टा त्याच्या पिशवीत ठेवला.

"घालशीन ना?"

"घालीन."

"माह्या गळ्याची शपथ घे."

"घालीन म्हणलं ना, ताई!" तो हसत हसत पळाला. शपथ काही घेतली नाही. ते हसणं सकाळभर तिला खुपत राहिलं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा धोंडबाकाका दारात आले. ते शर्यत पाहायला गेले होते. डोक्यावरची टोपी त्यांच्या हातात होती.

"पयला होता वं पोट्टा," ते म्हणाले. "परतीले एकाएकी झोकांड्या खाल्ल्या अन् पडला. मिरगी आली म्हणे लोकं. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली..."

"साखर? साखर कोणी देल्ली का नाही?"

"कायची साखर?"

दवाखान्यात श्रावण पांढऱ्या चादरीखाली निजला होता. गोपिका रडली नाही. तिला रागच आवरेना.

"नाही घातला ना?" ती ओरडली. "एवढा जीव पाखडला, अन् तुले पोट्ट्याईच्या हासण्याची लाज वाटली! जीवापेक्षा लाज मोठी झाली काय रे तुले?" तिनं त्याच्या गार दंडावर चापट मारली. मग दुसरी मारली. काकांनी तिला मागं ओढलं.

तेवढ्यात सिस्टर कपड्यांची पुरचुंडी घेऊन आली. वर पट्टा होता, मागच्या इलास्टिकवर कापलेला.

"हा कमरेपासून गळ्यापर्यंत ओढलेला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याच्यावरच्या मुठी सुटेनात, म्हणून कापावा लागला."

गोपिकानं पट्टा हातात घेतला. खिसा सकाळी भरला तसाच गच्च होता. बटण काजात पक्कं बसलेलं होतं, आणि त्याच्याभोवतीचा कपडा दातांनी चावून चावून ओला झाला होता.