अंगावरच्या कपड्यांनिशी

"हे चालायचं नाही, बाई," रीन म्हणाला. "नियमात पँट लिहिलीय. पँट, सदरा आणि बूट."

तानेके पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी होती. वय त्रेपन्न. तिच्या पुढेमागे सहा-सात वर्षांची अकरा मुलं, सगळी बाहेर जायच्या कपड्यांत. समुद्राला बांध घातलेल्या या देशात पोहण्याची पहिली परीक्षा अशीच असते. कालव्यात पडणारं माणूस कपडे बदलून पडत नाही. तानेकेने मात्र घोट्यापर्यंतचा काळा लोकरी स्कर्ट घातला होता आणि आत दोन परकर. गावातल्या म्हाताऱ्या बायका पूर्वी घालायच्या तसा.

"घरी पँट नाहीच माझ्याकडे," ती म्हणाली. "खरोखरची पडले तर स्कर्टमध्येच पडणार ना मी?"

"दीड वर्ष शिकवलं तुम्हाला. नुसतं तोंड पाण्यात घालायला तीन महिने लावलेत. आता या घोंगडीपायी बुडायचंय?"

"बुडाले तर तुझी काठी आहे की."

रीनने हातातल्या लांब काठीकडे पाहिलं. "काठीला हात लावलात की नापास. वय बघणार नाही."

"नकोच बघूस."

वरच्या गॅलरीत काचेपलीकडे आईबाप कॅमेरे सरसावून बसले होते. त्यांच्यात तानेकेची थोरली बहीण योसीना होती. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, मांडीवर पर्स. "पन्नाशी उलटल्यावर पोरांच्यात उड्या मारायच्या, लाज कशी वाटत नाही तुला," असं ती गाडीत तीनदा म्हणाली होती. तानेकेने हट्टच धरला म्हणून ती आली होती. आता तिला तो स्कर्ट दिसला आणि ती उभी राहिली.

रांगेतल्या चिमुरड्या मिर्तेने तानेकेची बाही ओढली. "तू घाबरलीस?"

"हो."

"मीपण. मी तर मघाशी शॉवरखालीच शू केली."

"शहाणी आहेस."

शिट्टी वाजली.

उडी मारल्यावर स्कर्ट आधी फुगला आणि छातीभोवती घुमटासारखा वर आला. तानेकेला वाटलं, हा तर तरंगवतोय आपल्याला. मग लोकर पाणी प्यायली. परकर मांड्यांना चिकटले, स्कर्ट पायांभोवती गुंडाळला गेला आणि कुणी दोन्ही घोटे धरून खाली ओढावं तशी ती हनुवटीपर्यंत गेली. पंधरा सेकंद जागच्या जागी तरंगायचं होतं. तिने ते मनात मोजले, सावकाश, रीनने शिकवल्यासारखे. मग पुढे झेप घेतली.

पलीकडची भिंत बारा मीटरवर होती. मुलं बेडकांसारखी तिच्या बाजूने निघून गेली. तिचे पाय फाकतच नव्हते. नुसत्या हातांनी ती पाणी मागे ढकलत राहिली. मध्यावर तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. काठीचं टोक तिच्या डोळ्यांसमोर आलं, वीतभर अंतरावर थांबलं. तिने ते पाहिलं आणि मान वळवली.

बोटं भिंतीला लागली तेव्हा मुलं केव्हाच शिडीने वर गेली होती. तिला एक पायरीही चढवेना. रीन आणि दुसरा शिक्षक, दोघांनी काखेत हात घालून तिला वर खेचलं.

"पास," रीन धापा टाकत म्हणाला. "आणि पुन्हा असला वेडेपणा केलात तर तलावाच्या दारातसुद्धा उभं करणार नाही."

काचेपलीकडे कुणीतरी योसीनाचा हात हातात घेतला. "बहिणीबद्दल अभिनंदन!" दुसऱ्याने, तिसऱ्याने. तिने हात सोडवून घेतला. ती खाली आली, बाहेरच्या बुटांनिशी सरळ ओल्या फरशीवर. रीनने तोंड उघडलं आणि मिटलं.

"कशाला केलंस हे?" योसीनाने विचारलं. "आईसारखा स्कर्ट घालून. माझ्या डोळ्यांदेखत."

तानेके फरशीवर बसली होती. तिला अजून पुरता श्वास येत नव्हता.

"बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"दर फेब्रुवारीत तू म्हणतेस, अजून थोडा वेळ आईचं मनगट धरून ठेवलं असतं तर ती छपरावर आली असती. समुद्राने बांध फोडला, गाव पाण्याखाली गेलं, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, योसीना. पंचेचाळीस वर्षं तू हे म्हणतेयस."

योसीनाने तलावाकडे पाहिलं.

"हे पाणी गरम आहे," तानेके म्हणाली. "वर दिवे आहेत. मला दीड वर्ष शिकवलंय, आणि काठी घेऊन माणूस उभा होता. तरी बारा मीटरला माझा जीव गेला. वर काढायला दोन धडधाकट पुरुष लागले. तू तेरा वर्षांची होतीस गं."

तिने कमरेचे हूक काढले. स्कर्ट थप्पकन फरशीवर पडला. परकर आणि सदऱ्यातच ती उभी राहिली, कुडकुडत.

पडलेली वस्तू उचलायची योसीनाला जन्माची सवय. ती वाकली आणि एका हाताने स्कर्ट उचलायला गेली. तो हलला नाही. तिने पर्स खाली ठेवली आणि दोन्ही हात लावले. तो गुडघ्यापर्यंत कसाबसा आला आणि तिचे खांदे खाली ओढले गेले. ती तशीच वाकून उभी राहिली.

"किती जड गं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "किती जड."

"धर," म्हणत तानेकेने दुसरं टोक उचललं.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि एकीने इकडून, एकीने तिकडून पीळ घालू लागल्या. पाणी धो धो पडत होतं, योसीनाच्या चांगल्या बुटांवर, मोज्यांवर. तिने पाय मागे घेतले नाहीत.