सूर्य पाहून घास

घनश्याम लहानपणी तापातून वाचला, तेव्हा त्याची आई चंद्रकांता नवस बोलली होती : पोरगा जन्मभर सूर्य पाहिल्याशिवाय घास घेणार नाही. तोच आता गावच्या, चिखल्याच्या खाणीकडून रशियात शिकायला गेला होता, पार उत्तरेकडच्या एका खाणीच्या गावी. तिथली नदी गोठते, तिच्यावरून ट्रक धावतात, हे सगळं सेवकरामने बायकोला हौसेने सांगितलं. एक गोष्ट मात्र बापलेकाने मिळून दडवली.

थंडी पडली तसा घनश्यामसोबत गेलेला भोजराज परत आला आणि चहा पिता पिता बोलून गेला, "काकू, तिकडे आता दोन महिने सूर्यच निघत नाही. दुपारीबी लाइट लावून जेवा लागते."

सेवकरामने चहाची बशी खाली ठेवली. चंद्रकांताने शांतपणे विचारलं, "पन पोरगा जेवते ना पोटभर?"

"हो काकू."

"मंग झालं."

सेवकरामचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी अंगणभर ऊन पसरलं, तरी तिचं ताट झाकलेलंच होतं.

"जेव ना व आता. सूर्य तं डोक्यावर आला."

"नवस मी बोलली होती, पोरगा नाही," ती म्हणाली. "हा सूर्य आपला. त्याचा निघू द्या."