वरून दाब

“भोईटे, आधी ती हवा सोडा!” नळयोजनेच्या इंजिनिअर इंदुलकरबाई कॅल्क्युलेटर नाचवत ओरडल्या. नव्या प्लास्टिक पाइपाची चाचणी पाणी भरून घ्यायची असते. पण योजनेला पाणीच नव्हतं, म्हणून कंत्राटदार भोईटेंनी कॉम्प्रेसर लावून ठासून हवा भरली होती.

“पाइप रबरासारखा ताणलाय. आत एवढी ताकद साठलीय, की टोकाचं टोपण सुटलं तर थेट मारुतीच्या देवळापलीकडे जाईल.”

“मॅडम, साहेब उद्घाटनाला निघालेत. माझ्यावर वरून दाब आहे.”

“पाइपावर आतून आहे! त्याला तुमचे साहेब कळत नाहीत.”

तेवढ्यात पाइपानेच तोंड उघडलं. तोफ डागल्यासारखा आवाज झाला आणि साहेबांच्या स्वागताला आलेले सगळे बँडवाले वाद्यांसकट आडवे झाले.

धूळ बसल्यावर भोईटेंनी हारांच्या टोपलीतून डोकं वर काढलं. देऊळ शाबूत होतं.

“बघा, देवळापर्यंतसुद्धा गेलं नाही! चुकलं ना तुमचं गणित?”

बाईंनी स्वागताच्या प्लायवूडच्या कमानीकडे पाहिलं. तिच्यावरच्या साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्यात, बरोब्बर मधोमध, टोपण रुतून बसलं होतं.

“चुकलं खरं,” त्या म्हणाल्या. “गणितात साहेबांचं नाक धरलंच नव्हतं.”