दाबातली माकडशिंगी

कालिंदीने झाडांचे नमुने सपाट वाळवायच्या लाकडी दाबाचे पट्टे सोडले, वरचं वर्तमानपत्र उचललं आणि ती बघतच राहिली. महिन्यापूर्वी फुलांसकट वाळायला ठेवलेल्या माकडशिंगीची फुलं वाळली होती, पण जाड फांदीला हिरवा कोंब फुटला होता. तोही कागद फाडून.

"उकळत्या पाण्यात बुडवली नव्हतीस?" तिचे मार्गदर्शक खरमाटे सरांनी कपाळावर हात मारला. "अगं, असली मांसल झाडं आधी मारावी लागतात. नुसती दाबून ती मरत नाहीत!"

"विसरले, सर."

कोरड्याठाक माळावर दोन जातींच्या माकडशिंगींतून आपसूक जन्मलेला हा संकर होता. तसं दुसरं झाड कुणालाच सापडलं नव्हतं आणि आता तो माळही खडीवाल्यांनी खरवडून नेला होता. उरली होती ती एवढीच फांदी. ती वाळवून संग्रहात जमा केली, तरच नव्या झाडाला नाव मिळणार होतं आणि कालिंदीला पदवी.

सरांनी किटली सुरू केली. "आण इकडे." कालिंदीने फांदी आणखी जवळ धरली. "बरं, नाव तुझ्या आईचं देऊ, मग तर झालं?"

पाणी खदखदू लागलं. कालिंदीने खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत मुरूम भरला आणि फांदी त्यात खोचली.

"वेडी आहेस का? ही वाढून, फुलून वाळवायला दुसरी फांदी मिळेपर्यंत दोन वर्षं जातील. प्रबंध याच महिन्यात द्यायचाय!"

"थांबेल प्रबंध," मुरूम बोटांनी घट्ट करत ती म्हणाली. "एवढं दाबूनही जी मेली नाही, तिला मी मारणार नाही, सर."