एक दिवस आधी आलेलं पाणी

"सोमनाथ, पानी आया रे! मोटर लगा जल्दी!"

शेजारच्या मुनिरा खालांनी भिंतीपलीकडून हाक दिली आणि सोमनाथचा पोह्यांचा चमचा तोंडापाशीच थांबला. समोर पाहुणे बसले होते. मुकुंदवाडीचे काकासाहेब, त्यांच्या पत्नी आणि मुलगी संस्कृती. मुलगी बघण्याचा कार्यक्रम गेल्या महिन्यात त्यांच्याकडे झाला होता आणि सोमनाथला ती मनापासून आवडली होती. आज ती मंडळी घर बघायला आली होती. आता त्यांनी हो म्हणायचं, एवढंच राहिलं होतं.

आणि नेमकं पाणी आलं. सोमवारी यायचं ते रविवारी आलं. संभाजीनगरात पाणी उशिरा येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. ते आधी आल्याचं मात्र सिडकोतल्या त्या गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं.

दुसऱ्या कुठल्याही घरात एव्हाना पळापळ सुरू झाली असती. या घरात सगळे जागच्या जागी बसून राहिले. नळ होता, मोटर होती, पण पाणी भरायला काहीच नव्हतं.

कालपर्यंत या घरात माणसं दोन आणि भांडी अगणित होती. सोमनाथच्या आईनं, गोजरबाईंनी, जन्मात काही टाकलं नव्हतं. निळे ड्रम, रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, तडा गेलेले टप. पाणी आठवडा आठवडा तोंड दाखवत नाही म्हटल्यावर त्या मिळेल त्यात भरून ठेवायच्या. जिन्याखाली ड्रम, पलंगाखाली डबे, दारात टप. मागच्या स्थळाचे मामा दारातल्या या टपांनाच अडखळले होते. "हे घर आहे का भंगाराचं गोदाम?" असं ते फाटकातून बाहेर पडताना म्हणाले आणि ते स्थळ तिथंच मोडलं. सोमनाथच्या ते जिव्हारी लागलं होतं.

म्हणून या वेळी त्यानं गच्चीवर मोठी टाकी बसवायचं ठरवलं. टाकी सोमवारी सकाळी येणार होती आणि पाणी सोमवारी संध्याकाळी. वाळूजच्या कंपनीत माल वेळेवर पोचवायचं काम करणारा माणूस तो, त्याला यात काहीच चुकीचं दिसलं नाही. शनिवारी त्यानं जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या एका संस्थेची गाडी बोलावली. धडके ड्रम धुऊन टँकरवर जगणाऱ्या वस्त्यांना द्यायचे, तुटकं प्लास्टिक दळायला पाठवायचं, पत्रा वेगळा काढायचा, अशी त्यांची पद्धत होती. उकिरड्यावर काहीच जाणार नव्हतं, याचं त्याला बरं वाटलं. त्यानं स्वतःच सगळं निवडून वेगवेगळे ढीग लावून दिले.

"एक तरी ड्रम ठेव रं," गोजरबाई म्हणाल्या होत्या. "लई कामाचा असतो."

"आई, एवढ्या वेळी माझं ऐक."

त्यांनी ऐकलं. लेक सासरी निघाल्यासारख्या त्या गाडीमागं बघत उभ्या राहिल्या.

आता मात्र त्यांना धीर धरवेना. त्या उठल्या, कढईतले उरलेले पोहे ताटात उलटे केले आणि कढई घेऊन अंगणातल्या नळाकडे पळाल्या. पाठोपाठ कुकर गेला, मग कळशी गेली. पाहुण्यांसमोर सोमनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसून काय राहिलात? भरा की पाणी," काकासाहेब म्हणाले. "पाण्यापुढं पाहुणे कसले?"

"कशात भरू?" सोमनाथच्या तोंडून निघून गेलं.

"म्हंजे? ड्रम नायत तुमच्याकडं?"

काहीतरी थाप मारता आली असती. त्याला ती सुचली नाही. "होते. काल सगळे देऊन टाकले. तुम्ही येणार म्हणून. घर जरा नीट दिसावं म्हणून."

संस्कृतीनं त्याच्याकडे एकदा बघितलं, हातातली बशी खाली ठेवली आणि उठून बाहेर गेली. तिची आई नवऱ्याच्या कानाशी लागली, पण त्यांचं कुजबुजणं सगळ्यांना ऐकू जाण्याइतकं मोठं होतं.

"या गावात राहून ड्रम देऊन टाकतो, हा उद्या संसार काय करणार हो?"

काकासाहेबांनी घसा खाकरला. "बरंय. निघतो आम्ही. काय ते कळवतो."

स्थळं बघून बघून चपला झिजवलेल्या माणसाला 'कळवतो'चा अर्थ सांगावा लागत नाही. सोमनाथला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. तो पाहुण्यांना सोडायला म्हणून उठला आणि दारातच थबकला.

अंगणात संस्कृती पदर खोचून नळाशी उभी होती. चहाचं पातेलं भरून तिनं गोजरबाईंच्या हातात दिलं आणि नळाखाली परात सरकवली. नव्या साडीचा काठ चिंब झाला होता.

"अहो, राहू द्या. साडी भिजतेय," सोमनाथ म्हणाला.

"सगळेच दिले? एकसुद्धा ठेवला नाही?"

"नाही."

"काय माणूस आहात हो तुम्ही!" ती म्हणाली आणि पुन्हा नळाकडे वळली. ती रागावली आहे की काय, हे त्याला पाठमोऱ्या तिच्याकडे बघून कळेना.

तेवढ्यात तिची आई चपला घालून फाटकाशी पोचली. "संस्कृती, चल गं. निघायचंय."

"थांब गं आई, ही परात भरू दे," संस्कृती मान वर न करता म्हणाली. "आणि हे बघ, माझ्या रुखवतात ती लोकरीची तोरणं अन् मोत्यांचे गणपती काही मांडू नको. झाकणाचे दोन मोठे ड्रम मांड."