दुसरा वाचणारा

“आजी, ही लिपी कोणती म्हणायची?” संग्रहालयातल्या नोंदणीकाराने पेटीतलं सगळ्यात वरचं पत्र हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं.

“आधी सुलटं धरा,” धाकटी म्हणाली.

वय वर्षं एक्याऐंशी, तरी नाव धाकटीच. थोरली असेपर्यंत बढती मिळायची सोयच नव्हती. थोरलीला जाऊन पाच आठवडे झाले होते. पोस्टमन दारावरून सरळ पुढे जायचा आणि घर खायला उठायचं. दोघी बहिणींनी साठ वर्षं एकमेकींना लिहिलेली पत्रं शेवटी तिने गोळा केली आणि पेटी इथे आणली. लिपी आईकडची, आईला तिच्या आईने शिकवलेली. घराबाहेर ती कधी पडलीच नाही.

नोंदणीकार भला माणूस होता. त्याने पत्र सुलटं केलं आणि यादी वरपासून खालपर्यंत चाळली. जगातल्या लिप्यांना चार-चार अक्षरांचे कोड दिलेले होते, अगदी हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या लिप्यांनासुद्धा. कोड भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नव्हती. ही लिपी काही यादीत सापडेना. त्याने टाइप केलं: झेड, वाय, वाय, वाय.

“म्हणजे काय हो?”

“लिपी ठरवता आली नाही.”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ठरवता आली नाही? अहो, मी इथे चांगली जिवंत बसलेय तुमच्यासमोर! मला येते ना वाचता!”

“दुसरा एक कोड आहे,” तो म्हणाला. “चार झेड. म्हणजे लिपी माहीत आहे, फक्त तिला अजून स्वतःचा कोड नाही. पण त्यासाठी आमच्याकडे दोन वाचणारे लागतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ते बरोबर आहे म्हणून फॉर्मवर सही करायची.”

“दोनच होतो,” धाकटी म्हणाली. “एक गेली, म्हणून तर पेटी आणली ना.”

त्याने फॉर्म पुढे ओढला. “तुम्ही वाचा, आजी. दुसऱ्या रकान्यात मी सही करतो. कोण बघायला येतंय?”

धाकटीने चष्मा पुसला आणि पत्र उघडलं. थोरलीचं शेवटचं. पहिल्याच ओळीत झाडलं होतं: अक्षर सुधार आता तरी, कोंबडीने पाय ओढल्यासारखं लिहितेस.

या वयात धाकटीला काय खोडी सुचली कोण जाणे.

“‘धाकटे,’” तिने खणखणीत आवाजात वाचलं, “‘तुझं अक्षर माझ्याहून सुंदर आहे. मी हरले बाई तुझ्यापुढे.’”

थोरली असती तर तिने पत्र हिसकावूनच घेतलं असतं. ‘खोटारडे, कुठे लिहिलंय मी असं?’ म्हणून सारी इमारत डोक्यावर घेतली असती. धाकटी अंग चोरून, हसू दाबून तशीच बसून राहिली.

“बरोबर,” नोंदणीकार म्हणाला, आणि त्याने सही केली.