मालकाचा नारळ

"इराप्पामामा, औंदा नारळ तुम्हीच फोडायचा. आता मालक आपणच की!" भट्टीवरचे कामगार ओरडले.

खंडेनवमीला मालकानं भट्टीपुढं नारळ फोडायचा आणि मग तिचं बटण दाबायचं, ही कारखान्याची रीत. नव्या कायद्यानं निम्मे शेअर कामगारांना मिळाले होते आणि त्यांच्या वतीनं इराप्पा संचालक झाला होता.

काल बँकेनं कळवलं, मालक बदलले, जोखीम वाढली, आता व्याजही वाढणार. ते भागवायला संचालकांच्या बैठकीत भट्टी कायमची बंद करायचं ठरलं. निदान कारखाना वाचेल म्हणून इराप्पानंही हात वर केला. आज सकाळीच भट्टीची वीज तोडली होती.

त्यानं नारळ फोडला. बटण दाबलं.

"लाइट गेली वाटतं," कुणीतरी म्हणालं. "येईल की. थांबूया."

सगळे भट्टीभोवती बसले.

"व्हय," इराप्पा म्हणाला. "थांबूया."